गावपळणीत सुनेचं सॉफ्टवेअर

आमच्या माजघराला लागून एक खोली आहे. ती पूर्वी कोकमाच्या सोलांची आणि नारळांची होती. आता तिथे सून बसते. दाराला आतून कडी, खिडकीला पडदा, कानात बोंडं घातलेली आणि समोर भिंतीकडे बघून इंग्रजी बोलणं. मी नारळ गोठ्यात हलवले ते महिना-दोन महिन्यांची सोय म्हणून. नारळ अजून गोठ्यातच आहेत.

मुलगा बोटीवर असतो, वर्षातून एकदा येतो. घरात आम्ही तिघंच: मी, माझी बायको म्हणजे म्हातारी आणि सून. सून कुडाळची. पुण्यात नोकरीला होती, लग्नानंतर नोकरीसकट इकडे आली. मला आधी वाटलं, नोकरी सोडून आली. तसं नव्हतं. नोकरी तिच्या पाठोपाठ वायरीतून आली.

ती नेमकं काय करते हे मी तिला विचारलं होतं. मी चौथी शिकलो. पाचवीचे मास्तर हात उगारायचे आणि मला कोणी हात लावलेला चालत नव्हता, म्हणून पाचवीत गेलो नाही. पण न समजणाऱ्या गोष्टीला मान डोलवायची सवय मला नाही. तिने सांगितलं, एक औषधांची कंपनी आहे. ठिकठिकाणचे दुकानदार फोनवर बटण दाबून औषधं मागवतात. कुठल्या गोदामात काय शिल्लक आहे, कुठली गाडी कुठे निघाली, बिल कोणाचं, हे सगळं बघणारं एक सॉफ्टवेअर आहे आणि ते चालतं ठेवायचं काम तिचं आणि पुण्यातल्या चार-पाच पोरांचं.

"मगे ता यंत्र खंय आसा?"

"मुंबयक. भाड्यान घेतलेला आसा."

"आणि तू हडे बसान काय सांभाळतंस?"

"बाबानू, तुमी गावाच्या देवाचो मान सांभाळतास. देव काय तुमच्या माजघरात बसलेलो आसा?"

म्हातारी तोंडाला पदर लावून हसली. मी उठून बागेत शिंपण करायला गेलो.

पण त्या कामाची एक गोष्ट मला कधीच पटली नाही. जेवताना फोन वाजतो आणि ती हातातला घास ताटात टाकून उठते. 'डाऊन आसा' एवढंच म्हणते. कोण डाऊन? तर ते सॉफ्टवेअर. माझ्या आयुष्यात मी मयताशिवाय कुणाला भरल्या ताटावरून उठताना बघितलं नव्हतं. एकदा बोललो तसं. ती म्हणाली, "बाबानू, कोणाच्यातरी घरात इन्सुलिन संपलेला असता." तेवढं कळलं. पण राग गेला असं नाही.

आता मूळ गोष्ट.

आमचा गाव तोंडवलीच्या अलीकडे, खाडीच्या आतल्या अंगाला. आमच्याकडे गावपळण असते. काही वर्षांनी एकदा देवाला कौल लावतात. देवाने कौल दिला की सगळा गाव तीन दिवस, तीन रात्री शिवेबाहेर. माणसं, गुरं, कुत्री, कोंबड्या, सगळी. घराघरांतली चूल विझवायची, दिवा मालवायचा, दार ओढून घ्यायचं. गावात एक जीव मागे ठेवायचा नाही. शिवेबाहेर झावळांच्या खोपी बांधून राहायचं. चौथ्या दिवशी परत कौल लावायचा, देव 'या' म्हणाला तरच घरी जायचं. नाही म्हणाला तर बाहेरच. पळणीचा ढोल आमच्या घराण्याचा. माझ्या आज्याने वाजवला, बापाने वाजवला, बाप गेल्यावर मी. मी ढोलावर काठी टाकल्याशिवाय गाव उठत नाही. सांज झाली की मीच ढोल वाजवतो, सगळे आपापल्या खोपीतून मांडावर, म्हणजे ठरल्या जागी, जमतात आणि देवाला गाऱ्हाणं घातलं जातं. हा आमचा मान.

पावसाळा संपता संपता सुनेने मला विचारलं, "बाबानू, यंदा पळण होतली?"

"देव सांगतलो तेव्हा."

"तरी पण अंदाज? मार्गशीर्षात काय नंतर?"

"देवाचो अंदाज बांधणारी तू कोण?"

"मी नाय. पुण्याचे साहेब इचारतत."

तिचं असं होतं, की जुनं सॉफ्टवेअर मोडीत काढून सगळा कारभार नव्यावर न्यायचा होता. दोन वर्षं ती त्याच्यावर खपत होती. नवं बांधलं होतं तिनेच, पुढारीपण तिचं. आता एक रविवार ठरवायचा, त्या दिवशी सगळ्या दुकानदारांना बाहेर काढायचं, जुनं बंद, मग आतला सगळा माल नव्यात हलवायचा, तपासायचं आणि ती 'हां' म्हणाली की दुकानदारांना परत आत घ्यायचं. तोवर आत कोणी शिरायचं नाही. हे ती म्हातारीला भाकऱ्या थापता थापता समजावत होती आणि शेवटी म्हणाली, "आये, आमची पण गावपळणच ती."

मी पडवीतून ओरडलो, "देवाची आणि तुझ्या दुकानांची बरोबरी करू नको!"

त्यांनी रविवार ठरवला. दुकानदारांना कळवलं. आणि मग कौल झाला. गुरवाने देवाला कळ्या लावल्या, गाऱ्हाणं घातलं, उजवी कळी पडली, म्हणजे देवाचा होकार. पळण शनिवारपासून. रविवार बरोब्बर मधला.

मी घरी येऊन सांगितलं तशी सून उठली. आत गेली, कडी लावली. थोड्या वेळाने फोन घेऊन बाहेर आली. तिच्या साहेबाला माझ्याशी बोलायचं होतं. ऑफिसातल्या माणसांशी मी शुद्ध बोलतो, तहसीलदाराशी बोलतो तसं.

"नमस्कार काका. मला जरा समजावून सांगाल? ही प्रथा एक आठवडा पुढे ढकलता येत नाही का?"

"नाही."

"बरं. मग घरात एकट्या मॅडम थांबल्या तर? त्या बाहेर दिसणार नाहीत. फक्त काम करतील."

"गावात कोंबडी थांबत नाही. मॅडम कशा थांबतील?"

"काका, हे फार मोठं काम आहे. मी आधीपासून म्हणत होतो, गावातून एवढी जबाबदारी सांभाळणं कठीण आहे. रविवारी काही गडबड झाली तर मला त्यांना पुण्यात बोलवावं लागेल. कायमचं."

एवढं बोलून त्याने 'नमस्कार' म्हटलं. सभ्य माणूस. मला त्याचा इतका संताप आला, की फोन बागेत फेकून द्यावासा वाटला. कायमचं, म्हणे. मुलगा बोटीवर, सून पुण्याला, आणि आम्ही दोघं नारळ गोठ्यातून परत खोलीत हलवायला मोकळे.

सुनेने मार्ग काढला. म्हणाली, "मी शनवारी माहेराक जातंय. कुडाळात वायर आसा. सोमवारी शिवेर येतंय तुमच्याकडे."

"नाय."

"गावातली किती माणसा पावण्यांकडे जातत पळणीत!"

"ती जावंदेत. ढोलाच्या मानकऱ्याची सून शिवेरच होयी."

"कित्याक? चूल आये पेटवतली."

"नाय म्हटलंय ना? मगे नाय."

म्हातारीने मला रात्रीच्या जेवणाला वाढताना भात आपटूनच वाढला. "सुनेच्या पोटार पाय देतास," म्हणाली. "तिका पुण्याक धाडूचा आसा तर तसा सांगा."

मला तेच तर नको होतं. आज कुडाळ, उद्या पुणं, हे मला दिसत होतं. एकदा कळलं की घराबाहेर सगळं सोपं पडतं, मग घर कोणाला हवं? हे मी तेव्हा बोललो नाही, आता लिहितो. आणि मी चूक होतो असं मला आजही वाटत नाही. मानकऱ्याचं घर शिवेवर हवं म्हणजे हवं.

पण नुसतं नाही म्हणून भागणार नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी तिला म्हटलं, तुझा फोन घे, चल. शिवेबाहेर आम्ही दोघं हिंडलो. आमची खोप पिढ्यानपिढ्या वहाळाच्या कडेला, जांभळीखाली. तिथे फोनला रेंजची काडीसुद्धा नव्हती. वहाळाच्या पलीकडे चढलो, तिथे एक काडी. पुढे वर कातळाचा सडा लागतो, झाड नाही, सावली नाही, सुकलेलं गवत आणि वारा. तिथे उभी राहून ती ओरडली, "बाबानू, सगळे काडये!" मग खडकावर बसून तिने लॅपटॉप उघडला, पुण्याच्या पोरांशी बोलली, काहीतरी चालवून बघितलं. उन्हाने तोंड लाल झालं होतं, पण हसत होती.

मी जांभळीखालची जागा सोडली. आमच्या घराण्यात ती कोणी सोडली नव्हती. शुक्रवारी सड्यावर खोप घातली, दुहेरी झावळांची, आत खाट, बॅटरीचं डबडं, ताडपत्री. लोकांनी विचारलं, "मानकरी सड्यार कसो चढलो?" मी म्हटलं, "वाऱ्याक." आणि इथेच घोटाळा झाला. मानकऱ्याची खोप जिथे, त्याच्या अवतीभवती बाकीच्यांनी खोपी घालायच्या, हा आमचा रिवाज. शनिवारी मी ढोलावर काठी टाकली, गाव उठला, गुरं, ट्रंका, कोंबड्यांच्या टोपल्या घेऊन लोक निघाले आणि सगळ्यांनी आपलं बिऱ्हाड सड्यावर आणलं. वहाळाच्या काठी कोणी राहिलं नाही. मला त्याचं काहीच वाटलं नाही. उलट छाती फुगली.

रविवारी सकाळी सून लवकर आंघोळ करून बसली. कानात बोंडं. पुण्याची पोरं तिकडे काम करत होती, ती इकडून बघत होती, सांगत होती. आधी बरं चाललं होतं. मग ऊन चढलं, पेज-भाजी खाऊन माणसं खोपीत आडवी झाली आणि तिचं बोलणं तुटायला लागलं. "हॅलो? हॅलो? आवाज येतो का?" स्क्रीनवर एक चाक गरगर फिरत होतं. ती उठली, फोन उंच धरून बाहेर गेली, परत आली, बसली.

"काय झाला?" म्हातारीने विचारलं.

"काडये सगळे आसत. पण आत काय शिरणा नाय."

मग ती खोपीच्या दारात उभी राहून बघत राहिली. सबंध सडाभर खोपी. प्रत्येक खोपीतून आवाज. कुठे क्रिकेट, कुठे कोणाचं नाटक, कुठे मुंबईतल्या मुलाला तोंड दाखवून चाललेला फोन. घरची वायर घरी राहिलेली, त्यामुळे सगळा गाव एकाच टॉवरला लटकलेला.

ती कपाळावर हात मारून घेऊन खाली बसली. "बाबानू, हजारो दुकानदार एकदम आत इले तर काय होतला, ह्या मी सहा येळा तपासलंय. आणि हडे मी टॉवर तपासलंय तो रिकाम्या सड्यार!"

"येळ किती आसा तुका?"

"दोन वाजेपर्यंत. माझा 'हां' गेला नाय, तर साहेब सगळा परत जुन्यार नेतले. आणि मगे..."

पुढचं मला माहीत होतं.

मी काठी घेतली आणि खोपी-खोपीत जाऊन सांगायला लागलो. "मोबायल बंद करा रे, घटकाभर." पहिल्या खोपीत म्हणाले, व्हय व्हय, आणि मी पाठ फिरवल्यावर परत सुरू. दुसरीकडे पत्ते खेळणाऱ्यांतला एकजण म्हणाला, "काका, देवाचो कौल झालो की काय मोबायलाचो?" सगळे हसले. तिसरीकडची बाई म्हणाली, "माझो झील दुबयत आसा, माका आजच गावलो तो." मी स्क्रीनवरच्या तिच्या मुलाला हात केला आणि पुढे गेलो. चौथ्या खोपीत माझ्याच चुलत्याचा मुलगा. म्हणाला, "तुमच्या सुनेचा काम तर आमी कित्याक गप रवाचा?" मी त्याला घालून-पाडून बोललो, पण त्याने काही उपयोग झाला नाही. माझ्या शब्दाला या गावात किंमत आहे असं मी समजत होतो. सड्यावर त्या दुपारी मला कळलं, किंमत ढोलाला आहे.

परत आलो. चाक फिरतच होतं. सून रडत नव्हती, पण तिचा चेहरा मला बघवेना. म्हातारी पंख्याने वारा घालत होती, सुनेला की लॅपटॉपला, कोण जाणे. "शिरा पडो त्या मोबायलार," ती पुटपुटत होती.

मी ढोल गळ्यात घातला.

म्हातारी उठलीच. "ओ, काय करतास? सांज खंय झाली?"

मी मांडावर जाऊन काठी टाकली. भर दुपारी. पळणीत अवेळी ढोल वाजला, की काहीतरी झालं असं समजून माणूस हातातलं टाकून येतो. आले. पत्ते टाकून आले, पोरं काखोटीला मारून आले, अर्धे झोपेतून उठून आले. गुरव धोतर सावरत धावत आला.

"अरे, येळ काय आणि तू वाजयतंस काय? कोण गेलो?"

"कोण जावक नाय. गाऱ्हाणा घालूचा आसा."

"दुपारचा?"

"व्हय, दुपारचा. पायतण काढा सगळ्यांनी. आणि मोबायल बंद करून खोपीत ठेवन येवा. देवाच्या समोर मोबायल नको."

गुरवाने माझ्याकडे बघितलं. तो माझ्यासोबत चौथीपर्यंत होता. डोळ्यांनी 'मगे बघतंय तुका' असं म्हणाला आणि बाजूला झाला. एकदा ढोल वाजला की गाऱ्हाण्याशिवाय मांड मोडता येत नाही, हे त्यालाही ठाऊक होतं. लोक कुरकुरत मोबाइल ठेवून आले.

मी सुरू केलं. "बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज ही तुझी लेकरा शिवेर उन्हात उभी आसत..."

"व्हय म्हाराजा!"

"...तेंच्या गुरा-वासरांका, माडा-पोफळींका, आंब्याच्या मोहराक सांभाळ..."

मी काही वगळलं नाही. दर्यात गेलेले, बोटीवरचे, मुंबईचे, दुबईचे, सासरी दिलेल्या मुली, नांदायला आलेल्या सुना, एकेकाची रोगराई, एकेकाची नड, विहिरीचं पाणी, शाळेचं छप्पर, वाडीचा रस्ता. मधे एकदा बघितलं, सुनेची मान खाली, बोटं भराभर चाललेली. म्हणजे आत शिरत होतं. मी परत माडांपासून धरलं. ऊन टाळूवर. पोरं पाय हलवायला लागली. मागून कोणीतरी म्हणालं, "माडांचा झाला मघाशी!" मी त्याच्याकडे बघून आवाज चढवला. घसा कोरडा पडला तसं म्हातारीने तांब्या आणून दिला, मी घोटभर प्यालो आणि पुढे गेलो.

मग खोपीच्या दारात सून उभी राहिलेली दिसली. तिने हात वर केला, म्हणजे तिचा 'हां' गेला होता.

"...आणि म्हाराजा, जी कोणी आजारी माणसा औषधाची वाट बघतत, तेंची औषधा येळेर पोचांदेत. जा कोण हडे बसान तेची काळजी करता, तेचा काम फळाक येवंदे!"

"व्हय म्हाराजा!" सगळा सडा ओरडला. निम्म्यांना कळलं नव्हतं कशाला ओरडतात.

चौथ्या दिवशी कौल मिळाला, गाव परत आला. देवळात बारा-पाचाची मंडळी, म्हणजे गावचे सगळे मानकरी, बसली आणि मला पुढे बोलावलं. अवेळी ढोल का वाजवला? मी म्हटलं, गाऱ्हाणं घातलं, देवाला काही कमी केलं नाही. ते म्हणाले, स्वतःच्या घरच्या कामासाठी वाजवलास. मी म्हटलं, औषधं काय माझ्या घरात येतात? बराच वेळ वाद झाला. शेवटी ठरलं, मी देवाला नारळ ठेवून चुकी मानायची, नाहीतर पुढच्या पळणीला ढोल चुलत्याच्या मुलाकडे. नारळाला ना नव्हती, गोठ्यात भरपूर आहेत. चुकी मानायला ना होती. मी मानली नाही. ढोल गेला. तो आता त्यांच्या माळ्यावर आहे आणि त्याला तेल लावत नाहीत, मी विचारून घेतलं आहे. कातडं तडकेल. कोणाला पर्वा?

साहेबाचा फोन आला होता. सून बाहेर येऊन पडवीत बोलत होती, मला ऐकू जावं म्हणून असेल. पुण्याला यायची गरज नाही, इथूनच चालू द्या, असं तो म्हणाला. मग त्याने काहीतरी विचारलं. ती माझ्याकडे बघून मराठीत म्हणाली, "तारीख नाही सांगता येणार, सर. देव सांगेल तेव्हा."

मग फोन ठेवला आणि मला म्हणाली, "बाबानू, नारळ ठेवन येवा ना देवाक. ढोल परत येतलो."

"तू तुझा बघ," मी म्हटलं.

त्या दुपारी आम्ही जेवायला बसलो. तिसरी भाकरी घेतली तोच आतून तिचा फोन वाजला. ती घास टाकून उठली. मी तिच्या ताटावर माशी बसू नये म्हणून वर सूप पालथं घातलं.